गच्चीवरची लाल गोधडी

विमानातून मला आमचं घर कधीच दिसलं नव्हतं. ही गोष्ट मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इतक्या वर्षांत एकदाही सांगितली नाही.

आमचा मळा निफाडच्या अलीकडे. ओझरला विमानं उतरायला लागली तशी अण्णांनी एक रीतच पाडली. मी बंगळुरूहून निघणार म्हटलं की आदल्या दिवशी फोन, "डावीकडची खिडकी घे. गच्चीवर गोधडी टाकतो." गोधडी आईच्या लाल लुगड्यांची, आई गेल्यापासून तेच ती पांघरायचे. ती पांढऱ्या गच्चीवर पसरायची, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या आणि आभाळाकडे बघत उभं राहायचं. मी उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत प्रश्न, "दिसली का गं?" आणि मी, पन्नाशीला टेकलेली, पोराबाळांना खोटं बोलू नका म्हणून दटावणारी बाई, चप्पल काढता काढता म्हणायचे, "दिसली की! एकदम ठळक."

खरं म्हणजे खाली सगळीकडे द्राक्षबागा, सगळीकडे पांढऱ्या गच्च्या, सगळ्यांचीच शेततळी निळी. त्यातलं आपलं कुठलं, हे ठरवेपर्यंत चाकं टेकलेली असायची.

गेल्या द्राक्षांच्या हंगामात वहिनीचा फोन आला. एरवी ती आधी हवा, मग बाग, मग तब्येत अशा क्रमाने येते. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "अण्णांना ॲडमिट केलंय, द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात. तुम्ही निघाच."

दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं, तेही मधल्या सीटचं. खिडकीशी एक गृहस्थ झाकण ओढून झोपलेले. विमान खाली यायला लागलं. पलीकडच्या खिडकीतून धोडप किल्ल्याची ती खाच दिसली, म्हणजे मळा जवळ आला. आज गोधडी टाकायला गच्चीवर कोणी नव्हतं. तरी बसवेना.

"अहो, जरा झाकण उघडता?"

"का? काय आहे?"

"माझं घर आहे."

त्यांनी बिचाऱ्यांनी उघडलं. मी जवळजवळ त्यांच्या मांडीवरच. "मॅडम, बेल्ट!" मागून हवाईसुंदरी ओरडली. तळी, बागा, नदीचं वळण, आमची ती एकाकी चिंच, आणि पांढऱ्या गच्चीवर लाल चौकोन.

पहिल्यांदा दिसला, आणि तो दिसायला नको होता. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात टाकतात. आईचं असंच टाकलं होतं. अण्णा दवाखान्यात असताना त्यांची गोधडी गच्चीवर कोण टाकेल, आणि कशाला?

"दिसलं का घर?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आजवर न दिसलेलं दिसलं म्हणत आले, त्या दिवशी दिसलेलं नाही म्हणाले. नाही म्हटलं तर नसेल, इतकीच अक्कल उरली होती.

उतरल्यावर भावाला फोन लावला, उचलेना. वहिनीचा बंद. टॅक्सीवाल्याला म्हटलं, "दादा, लवकर घ्या हो."

"ताई, द्वारकेला लवकर कोणीच पोचत नाय."

आडगावपासून पुढे प्रत्येक सिग्नलला मी देवाला सांगत होते, माझे डोळे अधू आहेत, चष्म्याचा नंबर वाढलाय, पाहिजे तर डॉक्टरांना विचार.

हॉस्पिटलच्या जिन्यात भाऊ चहा फुंकून पीत उभा होता. फुंकून पितोय, म्हणजे अण्णा आहेत. मी तिथंच पायरीवर बसून रडले.

"आधी आत ये," तो म्हणाला. "फोन आत नेऊ देत नाहीत."

दाराशी वहिनी होती. "काल रात्रीपासून एकच धोशा, ती येतेय, गोधडी टाका. शेवटी सकाळी यांना मळ्यावर पिटाळलं, तेव्हा गप्प झाले."

अण्णा अंथरुणात केवढेसे झाले होते. त्यांनी मास्क बाजूला केला. "दिसली का गं?"

मी नुसती मान हलवली.

"आज दिसली तुला," ते म्हणाले. "एरवी लय पटकन हो म्हणतीस."

वहिनीने मास्क पुन्हा लावला.

नऊ दिवसांनी गोधडी परत गच्चीवर पडली, धुऊन. चारी कोपऱ्यांवर विटा मीच ठेवल्या. दुपारी एक विमान ओझरकडे उतरताना दिसलं, तेव्हा मी वर बघत उभी होते.