गिरीक मास्तर आणि गयाबाईची म्हैस

गिरीक मास्तरांचा कोणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता आणि दुधावर तर मुळीच नव्हता. दूध घेतलं की भांडं आधी नाकाशी न्यायचे, हुंगायचे, मग उजेडाकडं धरायचे आणि शेवटी दूधवाल्याच्या तोंडाकडं बघायचे. रॉकेलच्या बाटलीवर ते खिळ्यानं खूण करून ठेवत. घड्याळ दुरुस्तीला दिलं, तर दुकानदार उघडून परत बंद करीपर्यंत समोरच्या स्टुलावरून हलत नसत. माझ्या बाबांनी एकदा चेष्टेत विचारलं, "मास्तर, देवावर तरी आहे का भरवसा?" तर म्हणाले, "त्याच्यावर हाय. त्याच्या माणसांवर न्हाई."

वसमतच्या हळदीच्या बाजारामागं एक अरुंद गल्ली आहे. तिथं एका खोलीत ते एकटे राहायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जन्म याच भागातला, पण उमेदीची सगळी वर्षं दक्षिणेकडच्या एका बायबलच्या शाळेत ग्रीक भाषा शिकवण्यात गेली. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, म्हणून पाद्री होणाऱ्याला ती भाषा शिकावी लागते. गल्लीला एवढं कुठलं ठाऊक? हा माणूस कुठल्या तरी परक्या भाषेचा मास्तर आहे, एवढ्यावरून लोकांनी त्यांना गिरीक मास्तर करून टाकलं. खरं नाव पोस्टमनलाही विचारावं लागे.

मी त्यांच्याकडं गेले ती नापास होऊन. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बाबा एसटीत कंडक्टर, घर ख्रिस्ती, आणि मी पाद्री व्हायला पुण्याला गेलेली. पोरगी आणि पाद्री! आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जाणत्या माणसांनी आधीच नाकं मुरडली होती. "पोरीला कशाला पाहिजे हे? लग्न लावून टाका," असं बाबांना तोंडावर सांगून झालं होतं. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही, आणि मी पहिल्याच वर्षी ग्रीकमध्ये आपटले. जूनमध्ये फेरपरीक्षा होती. तिच्यात परत आपटले असते तर कॉलेज सुटलं असतं, आणि "सांगितलं होतं ना!" म्हणायला सगळी मंडळी टपून बसलेली. त्या उन्हाळ्यात मला जेवण जात नव्हतं, खरंच सांगते.

पहिल्या दिवशी मी खोलीत शिरायला लागले, तर मास्तरांनी दारातच अडवलं. "आत न्हाई. ओट्यावर बस." का, ते त्यांनीच सांगितलं. "मी एकटा माणूस, तू तरणी पोरगी. लोक काय म्हणतील ते मला ठाऊक हाय. लोकांच्या जागी मी असतो तर मी पण तेच म्हणलं असतं." म्हणून दार सताड उघडं, ओट्यावर दोन पोती, मध्ये पाटी, आणि सगळ्या गल्लीसमोर शिकवणी. हळदीच्या गाड्या जायच्या, हमाल थांबून बघायचे, पोरं खिदळायची. मास्तरांचा आवाज मात्र खणखणीत. "हो कालोस. हे काले. तो कालोन. म्हण." यातले हो, हे, तो आपले मराठी नव्हेत, ग्रीकमध्ये शब्दापुढं लागणारी उपपदं.

मी नेमकी विशेषणांत नापास झाले होते. ग्रीकमध्ये विशेषणाला नामाबरोबर लिंग, वचन आणि विभक्ती जुळवावी लागते, आणि माझ्या पेपरात एकाचं एकाला जुळत नव्हतं. मास्तर म्हणाले, "तू मराठी बोलती ना? चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं लेकरू. कालोस, काले, कालोन. इंग्रजीवाल्यांना घाम फुटतो, तुला काहून फुटावा? तुझ्या आईनं तुला हे दुधाबरोबर पाजलं." बाई गं! वर्षभर मी इंग्रजी पुस्तकातून डोकं फोडत होते आणि हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पण ते मला सुखानं बसू देणारे नव्हते. विशेषणाकडं ते संशयितासारखं बघायचे. वाक्यात ते भेटलं की बोट ठेवून पहिला प्रश्न, "कोणाचं हे?" मी शेजारचं नाम दाखवलं की म्हणायचे, "शेजारी उभं राहिलं म्हणून नवरा होतो का? तीन साक्षी काढ." लिंग, वचन, विभक्ती या तीन साक्षी. तिन्ही जुळल्याशिवाय ते जोडी मान्य करत नसत. दोन जुळल्या आणि मी घाई केली, तर खडू खाली ठेवून गप्प बसायचे. त्यापेक्षा रागावलेले परवडले असते.

होदोस हा शब्द आला त्या दिवशी मी चांगलीच फसले. होदोस म्हणजे वाट. शेवट पुरुषासारखा दिसतो म्हणून मी खुशाल कालोस लावलं. मास्तरांनी विचारलं, "तुझा बाप कंडक्टर ना? गाडीत बसताना तू काय बघती?" मी म्हटलं, पाटी. "आन पाटी कालची राहिली असली तर?" मग कंडक्टरला विचारते, म्हटलं. "बराबर. शब्दाचा शेवट म्हणजे पाटी. त्याच्यावर जाऊ नको. पुढं ते बारकं उपपद बसलंय, तो कंडक्टर. त्याला विचार." उपपद स्त्रीलिंगी होतं. मराठीतही वाट बाईच आहे की! त्यानंतर मी तो शब्द कधी चुकले नाही. मास्तर स्वतः स्टँडवर गेले की पाटी वाचायचे, कंडक्टरला विचारायचे, आणि वर आत बसलेल्या म्हातारीलाही विचारायचे, "गाडी परभणीलाच चालली ना?"

एक मात्र मला लागायचं. पानभर बिनचूक लिहून दाखवलं तरी "शाब्बास" नाही, "छान" नाही. फक्त "पुढं." एकदा रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "सर, एकदा तरी चांगलं म्हणा की!" तेव्हा त्यांनी निरोपसमारंभाची हकिगत सांगितली. त्यांच्या शाळेनं हार घातला, शाल दिली, आणि जो उठेल तो थोर, त्यागी, विद्वान म्हणून बसला. दुसऱ्याच आठवड्यात राहती खोली रिकामी करा असा निरोप आला. "तवापासून मी विशेषण वापरत न्हाई," ते म्हणाले, "आन कोणी मला लावलं तर घेत न्हाई." आणि फडक्यानं पाटी पुसली.

मे महिन्यात समोरच्या गयाबाईची म्हैस आटली. गयाबाई म्हणजे गल्लीचं ठाणं. थोडी शेती, एक म्हैस, आणि जिभेला हाड नाही. उन्हाळ्यात म्हैस दूध कमी करते हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण शेजारच्या जावेची म्हैस भरभरून देत होती, आणि ते तिला कसं सहन व्हावं? एका सकाळी ती दिराला आणि चार माणसांना घेऊन ओट्यासमोर उभी राहिली. "मास्तर, काय पुटपुटून राहिले तुमी रोज? ही पोरगी आल्यापासून माझी म्हैस आटली. भानामती करून राहिले का?"

हसू नका. आमच्या भागात भानामती हा शब्द हसण्यावारी न्यायचा नसतो. त्या एका शब्दावरून माणसं गाव सोडून गेली आहेत. दीर हातात काठी घेऊन आलेला. कोणीतरी बाबांना कळवलं. बाबा धावत आले आणि मला म्हणाले, "चल घरी. शिकवणी बंद." परीक्षा तोंडावर आलेली. आता संपलं, दुसरं काही मला सुचेना.

मास्तर उठले. मला वाटलं, आता बायबल काढतील, शपथ घेतील. पण ते गयाबाईला म्हणाले, "बाई, तुमचा संशय बराबर हाय."

गयाबाईनं दिराकडं बघितलं. मास्तर बोलतच राहिले.

"तुमच्या जागी मी असतो तर मी पण घेतला असता. माणूस रोज सकाळी न कळणारं काही बोलतो, म्हणजे काय? पण संशय घ्यायचा तर पुरा घ्या. दुरून ऐकून काय कळतंय? रोज इथं येऊन बसा. माझ्यावर ध्यान ठेवा. काही वाकडं दिसलं तर काठी हायेच."

दिरानं काठी खाली टेकवली. असल्या उत्तराची तयारी त्यानं केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी गयाबाई खरंच आली. सूप आणि तूर घेऊन ओट्याच्या टोकाला बसली, आणि आमच्यावरची नजर न काढता पाखडत राहिली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती एकदम ओरडली, "थांबा! काल ही ओस-ओस म्हणत होती, आज ए-ए म्हणून राहिली. मंतर बदलला!"

मास्तर इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "बराबर! नाम बदललं म्हणून बदललं. बाई, तुमची म्हैस चांगला का चांगली?"

"चांगली."

"आन रेडा?"

"रेडा कशाला चांगला असतोय, मुडदा बशिवला त्याचा!"

गल्ली हसली. हसली म्हणजे भीती गेली. मला मात्र गयाबाईचं एक कोडं सुटलं नाही. तिनं कालोसचा अर्थ कधीच विचारला नाही. मी सांगायला गेले तर कानांवर हात ठेवायची. "नको माय. अर्थ कळला की मंतर लागतो म्हणतेत."

म्हशीचं पुढं काय झालं कोण जाणे, पण दूध परत आलं असावं, कारण गयाबाई एक दिवस तांब्याभर घेऊन आली. मास्तरांनी तांब्या घेतला आणि सवयीनं नाकाशी नेला. "अगं बया! माझ्या हातचं दूध हुंगता व्हय?" ती कडाडली. मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमच्या हाताबद्दल काय म्हणणं न्हाई. म्हशीची खात्री करून राहिलो." ते दोघं बरोबरीचे होते, काय सांगावं!

परीक्षेला निघाले तेव्हा मास्तर स्टँडवर आले. गाडीवर बाबांचाच मित्र कंडक्टर होता, तरी मास्तरांनी त्याला विचारलंच, गाडी कुठं जाते. मी खिडकीतून म्हटलं, "सर, होईन ना हो मी पास?" ते म्हणाले, "मला काय विचारती? तीन साक्षी काढ, घाई करू नको." गाडी हलली तरी ते तिची पाटी वाचत उभे होते.

मी पास झाले. बाजारातल्या एसटीडी बूथवर फोन केला, मास्तरांना बोलावून घेतलं. पलीकडून आवाज आला, "निकाल नीट वाचला का? नंबर तुझाच हाय ना? दुसऱ्याचा असंल." मी म्हटलं, माझाच आहे. मग ते म्हणाले, "पुढं."

पुढं मी पाळक, म्हणजे पाद्री, झाले, सांभाळायला मंडळी मिळाली, दोन हजार सालानंतर वसमतला येणं कमी झालं. आले की ओट्यावर जायची. शिकायला कोणी नसलं तरी गयाबाई सकाळी सूप घेऊन तिथंच बसलेली असायची. "अजून भरवसा न्हाई ह्या म्हाताऱ्याचा," म्हणायची. मास्तरांचे डोळे गेले तेव्हा त्यांना भाकरी तीच करून द्यायची. ते ती भाकरी हुंगायचे आणि ती शिव्या द्यायची.

मास्तर गेले तेव्हा मी पोचले, पण दफनाला जेमतेम. परभणीहून आलेल्या पाळकांनी भाषण केलं. थोर सेवक, त्यागी, विद्वान. मला हुंदका आवरेना आणि हसूही आवरेना, कारण माझ्या कानात एकच आवाज होता, "कोणाचं हे?" माणसं पांगली. गयाबाई कडेला उभी होती. ती माझ्याजवळ आली.

"त्यांचं ते गिरीक कोणीच म्हणलं न्हाई गं. तू म्हण. ते पहिल्या दिवसाचं."

मी मातीकडं बघत म्हटलं, "हो कालोस."

इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं. "ह्याचा अर्थ काय व्हतो?"

"चांगला माणूस."

गयाबाईचं तोंड वाकडं झालं. "एवढंच? मंग जित्ता व्हता तवा त्याला कोणी काहून न्हाई म्हणलं?"

"म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता व्हय, गयाबाई?"

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "न्हाई ठेवला असता. हुंगून बघितलं असतं."