बाबांची साक्ष

परवा नातीला चष्मा लागला. नंबर भराभर वाढू नये म्हणून डॉक्टरांनी तिला रोज उन्हात खेळायला सांगितलं. तिने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला पांढुर्ण्याची शाळा आठवली.

मी चौथीत होते. राज्यांच्या फेररचनेत आमचा मराठी भाग मध्य प्रदेशातच राहिला होता आणि शाळेत नवे हिंदी गुरुजी आले होते. त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहून मला वाचायला सांगितलं. मला नुसता पांढरा धूर दिसत होता.

"दिखता नहीं," मी म्हणाले.

हिंदी वाचायची नाही म्हणून मी अडून बसले, असं त्यांना वाटलं. त्यांनी बाबांना दुकानातून बोलावून घेतलं. बाबांच्या कपड्यांना सरकीचा वास येत होता.

"लडकी की आंखें कमजोर हैं क्या?" गुरुजींनी विचारलं.

बाबांना माहीत होतं. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या गर्दीत मी त्यांचा समजून भलत्याच माणसाचा हात धरला होता. पण चष्मेवाल्या पोरीला कोण करून घेणार?

"डोयाले काई नाई झालं तिच्या," बाबा म्हणाले. "सारं दिसते तिले. हट्ट करून राहिली. द्या दोन छड्या."

गुरुजींनी दिल्या. बाबा तिथेच उभे होते.

चष्मा मला लग्नानंतर मिळाला. कितीतरी वर्षं मी त्या गुरुजींवर दात धरून होते. आता वाटतं, त्यांनी निदान विचारलं तरी होतं. बाबांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.