आईने बांधून ठेवलेली भांडी

मंडळी, आई गेली. आज तिचा जलदानविधी झाला. पाहुणे गेल्यावर महाडच्या तिच्या खोलीतला माळा आवरताना सुंभाने बांधलेलं एक पोतं सापडलं. आत पातेली होती.

ही गोष्ट ऐंशीच्या सुमाराची. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. घरमालक दारातूनच म्हणाले, "वहिनी, खोली मास्तरांच्या नावावर होती. महिनाअखेर रिकामी करा."

आईने पोत्यात भांडी बांधायला घेतली.

बाबांचे एक वकील मित्र भेटायला आले. त्यांनी विचारलं, "लेखी नोटीस आली का?"

"नाय. तोंडानंच सांगितलं."

"मग सोडा ते पोतं. मला जेवायला कशात वाढणार? मास्तरांबरोबर राहत होतात, आता भाडेकरू तुम्ही. उद्या नोटीस आली तरी कोर्टात मुदत मागता येते."

आईने एक पातेलं बाहेर काढून भात टाकला. बाकीचं पोतं तिने कधीच सोडलं नाही. त्याच खोलीत ती शेवटपर्यंत राहिली, तरीही.

आज गाठ सुटेना. कापावी लागली.

घरात कुणी गेलेलं असताना नुसत्या तोंडी शब्दावर सामान बांधणारं तुमच्या ओळखीत कुणी आहे का? असेल तर आजच त्यांच्याकडे जेवायला जा.