काकूंच्या पायऱ्या

कात्रजजवळच्या आमच्या टेकडीवर काकू भेटल्या की आधी तुमच्या हातांकडे बघत, मग तोंडाकडे. हात रिकामे दिसले की संपलंच. "आपण हवा खायला आलात वाटतं," एवढं म्हणून त्या पाण्याची भरलेली बाटली पुढे करत. ती वरच्या एखाद्या रोपाला घालून यायची. नाही म्हणायची हिंमत मी तरी कुणात पाहिली नाही.

काकू मूळच्या शनिवार पेठेतल्या. टपाल खात्यातून निवृत्त होऊन आमच्या सोसायटीत राहायला आल्या. टेकडी झाडांसाठी राखीव होती, पण होती बोडकी. "राखीव म्हणजे काय, नुसती पाटी?" असं विचारत त्यांनी आम्हा सगळ्यांना जुंपलं. बहावा, पळस, काटेसावर लावली आणि जगवली. पाणी नेताना पाय घसरायचे, म्हणून रविवारी दगड रचून पायऱ्या केल्या. समोरासमोर आलेल्यांना जाता यावं म्हणून वळणावर वाट रुंद केली. त्याचं आम्हाला फार कौतुक होतं.

मग वरच्या सपाटीवरचं आरक्षण गुपचूप उठलं. तिथे इमारती येणार असं कळलं. तरी राखीव उतारावरून नवा रस्ता काढायला बंदी होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण रस्त्याच्या परवानगीच्या सुनावणीत बिल्डरच्या वकिलाने आमच्या पायऱ्यांचे फोटो मांडले. म्हणाला, रस्ता नवा नाहीच, वहिवाटीचा आहे, फक्त रुंद करायचाय. एका फोटोत बाटली घेऊन काकूच उभ्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचा मला आजही संताप येतो. ज्यांनी जन्मात एक रोप जगवलं नाही, त्यांनी आमचा घाम आमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरला. वर जाहिरातीत लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत'. ती कूस फाडूनच आत शिरायचं होतं यांना.

दुसऱ्या दिवशी काकू पायथ्याच्या गावातल्या आण्णांची पहार घेऊन पायऱ्या उखडत होत्या.

"काकू, आता काय उपेग हाय? परवानगी मिळाली त्यास्नी," आण्णा म्हणाले.

"त्यांना मिळाली असेल. माझ्या दगडांना मी दिलेली नाही."

रस्ता व्हायचा तो झालाच. डंपर वर गेले, वाटेतले बहावे गेले. मागच्या उन्हाळ्यात काकूही गेल्या. टेकडीची पलीकडची बाजू अजून शिल्लक आहे, तिथे आम्ही पाणी घालतो. आजारपणात काकूंनी बजावलं होतं, "रोज वेगळीकडून चढा. गवत दबलेलं दिसलं की तिथे पाय ठेवायचा नाही." आम्ही तसंच चढतो. काटे बोचतात, गुडघे फुटतात.

परवा एका नव्या गृहस्थांनी विचारलं, इकडून वर जायला वाट नाही का? मी त्यांच्या रिकाम्या हातात बाटली दिली.

"नाही," म्हटलं. "आणि तुम्हीही पाडू नका."