यादीतली सातवी ओळ

"नवीन लिहायचं डोकं सगळ्यायले नसते," सर म्हणाले. "तू जुन्यात बदल कर. तेवढं जमलं तरी लय झालं."

सगळ्यांसमोर म्हणाले. अमरावतीत राजापेठेत, चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. पाच टेबलं. विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्या शोधून देणारी सरांची एक जुनी वेबसाइट होती, अमरावतीपुरती. आता तशीच अकोल्यासाठी हवी होती. मी तीन रविवार बसून ती पहिल्या ओळीपासून नवी लिहून नेली होती. सरांनी उघडूनही पाहिली नाही. बाकीचे हसले. मीही हसले. घाबरल्यावर माणूस हसतो तशी.

मग त्यांनी जुना कोड माझ्या कॉम्प्युटरवर टाकला. "गावाचं नाव बदल, रंग बदल. बाकी कायलेच हात लावू नको."

दुसऱ्याच्या कोडची मला आधीपासूनच भीती. एक ओळ हलली की कुठलं काय बंद पडेल, सांगता येत नाही. म्हणून मी एकेक फाईल वाचत गेले. एका फाईलमध्ये आडनावांची यादी होती. खाली हुकूम एवढाच: यातलं आडनाव आलं तर खोल्या दाखवायच्या नाहीत. 'सध्या खोली शिल्लक नाही' असं दाखवायचं.

सातव्या ओळीत माझं आडनाव होतं.

कोणी बघतंय का म्हणून मागे वळून पाहिलं. चोरी त्यांची, घाबरले मी.

क्लाससाठी पहिल्यांदा पातूरहून अमरावतीला यायचं ठरलं, तेव्हा मी याच वेबसाइटवर फॉर्म भरला होता. तीनदा. तिन्ही वेळा हेच वाक्य आलं. माझ्यासोबतच्या मुलीला त्याच दिवशी खोली मिळाली. बाबा म्हणाले, "नशिबात नसंल." माझं ते वर्ष घरी बसून गेलं.

नशीब कसलं. सातवी ओळ होती.

खात्री करून घेतली. माझं आडनाव टाकलं. खोली शिल्लक नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं टाकलं. अकरा खोल्या.

दोन दिवस मी गप्प बसले. नोकरी गेली तर? या धंद्यात गावातले सगळे एकमेकांना ओळखतात. मला दुसरीकडे कोण ठेवून घेईल? तिसऱ्या दिवशी सर एक कागद घेऊन आले. अकोल्याच्या घरमालकांनी कळवलेली आणखी आडनावं.

"हे बी टाक यादीत."

मी सातवी ओळ उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "सर, यात माहंबी आडनाव हाय."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. त्यांना माहीत होतं. "घरमालकायची अट हाय ते. आपण काहून मनावर घ्यायचं? पायजे तर तुह्यं काढून टाक."

पायजे तर. माझं एकटीचं.

माझं बोट त्या ओळीवर गेलं. सांगायला लाज वाटते, पण गेलं. मग वरची ओळ दिसली. खालची दिसली. आमच्याच मोहल्ल्यातली घरं होती ती. माझ्यासारख्याच तीनदा फॉर्म भरणाऱ्या मुली होत्या त्या घरांत.

"एकटीचं नाई काढणार," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. "सगळी यादी काढा. नाई तर हे काम माह्याच्यानं होणार नाई."

"मंग घरी बस."

ताईंनी मान खाली घातली. मी डबा उचलला. जिना उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या.

आता अकोल्यात बहिणीकडे राहते. तिथे बसून वेबसाइट पूर्ण केली. माझी, पहिल्या ओळीपासून माझी. ती आडनाव विचारत नाही. गेल्या आठवड्यात एका घरमालकाचा फोन आला.

"पोरीचं आडनाव कुठी दिसते?"

"दिसत नाई, काका. दिसणारबी नाई."

"मंग माह्या खोल्या काढून टाक."

काढल्या. आता चारच खोल्या उरल्यात. उद्या त्याही जातील कदाचित. सरांची वेबसाइट चालूच आहे. मला अजून भीती वाटते. फोन वाजला तरी वाटते. वाटू दे. आडनावाचा रकाना मी टाकणार नाही.