खिळ्याच्या उंचीचा ओटा

आमच्या मंडईच्या ओट्याच्या पायऱ्या चढताना नवं गिऱ्हाईक हमखास कुरकुरतं. "एवढ्या कशाला हो पायऱ्या?" मी शिंपी. पायाखालचं मशीन चालू ठेवून म्हणतो, "बसा, सांगतो." मग एक किस्सा सांगावा तर दुसरा आठवतो. परवा एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या आणि सगळं ऐकून, माप न देताच घरी गेल्या!

आमचं गाव सोलापूरहून एसटीनं तासाभरावर, सीनेच्या काठी. मूळ मंडई इंग्रजांच्या वेळची. दगडी फरशी, सागवानी खांब, वर कौलं. इंग्रजानं नदीची हवा यावी म्हणून ती अगदी काठाला बांधली. हवा आली, पाठोपाठ पाणीही आलं.

म्हणून आमच्यात एक रीत. पूर आधीच्याहून वर चढला, की ओसरल्यावर ज्यानं त्यानं आपल्या खांबावरचा खिळा काढून पाण्याच्या नव्या खुणेला ठोकायचा. किमती माल खिळ्याच्या वर टांगायचा. खिळ्याखाली ठेवलेलं गेलं तर रडायचं नाही.

* * *

नगरपालिकेनं मंडई नव्यानं बांधायचं काढलं. साहेब पाहणीला आले आणि खिळे बघून भडकले. "हेरिटेज आहे हे! कुणी नासधूस केली?"

तिसऱ्या खांबाशी शांतव्वा बसते. अक्कलकोटकडची, भाजीवाली. तिची आई त्याच जागी बसायची. मेथीची पेंडी बांधता बांधता ती म्हणाली, "इंग्रजानं बांधली, नदीनं नासली, आन् गुन्हा तेवढा आमच्या खिळ्याचा व्हय?"

साहेबांनी नोटीस काढली. शांतव्वानं ती खिळ्यालाच अडकवली.

* * *

मग साहेबांनी नगरपालिकेच्या हॉलमध्ये बैठक घेऊन दोन पर्याय दिले. एक तर इथंच फूटभर उंचीचे नवे ओटे घ्या, नाही तर बायपासला जा. "तिकडं पूर नाही, पार्किंग आहे, सगळं आहे!"

बांगडीवाले बाबूभाई सगळ्यात मागं बसले होते. सहा फुटी माणूस, पण आवाज मऊ. म्हणाले, "सब है साब, लेकिन गिऱ्हाईक? बायपास पे बांगड्यां कोन भरता, ट्रकवाले?"

हॉलभर हशा पिकला. साहेब तेवढे हसले नाहीत. मलाही खरं तर हसू येत नव्हतं. फूटभर ओट्यावर दर पावसाळ्यात माल बुडणार, दोन-तीन वर्षांत माणसं आपणहून जागा सोडणार. साहेबांना तेच हवं होतं, हे आम्हाला कळत होतं.

* * *

आर्किटेक्ट मॅडम पुण्याच्या. वयानं लहान, पण ऐकणारी मुलगी. त्यांनी नव्या मंडईचं थर्माकोलचं मॉडेल आणलं. छोटे खांब, छोटे ओटे, छोटी झाडं, ओट्यांवर उभी प्लॅस्टिकची माणसं. सगळे वा वा करत होते.

शांतव्वानं मला विचारलं, "मास्तर, ह्याच्यात आपला खिळा कुटं येतो?"

मी मॅडमकडून प्रमाण समजून घेतलं, हिशेब केला आणि मॉडेलच्या खांबावर जागा दाखवली. तिनं पदराची पिन काढून तिथं खुपसली. पिन प्लॅस्टिकच्या माणसांच्या पोटाशी आली, तीही ओट्यावर उभी असताना.

"आता ह्यांना इचारा, ओटा आवडला का!"

मॅडमनी वाकून ओट्यापासून पिनपर्यंतची उंची बोटानं मोजली. मग म्हणाल्या, "ओटा खिळ्याच्या वर घेऊ. मी पुढच्या आठवड्यात रीतसर मोजायला येते."

* * *

आणि त्याच आठवड्यात मंत्री येणार म्हणून खांबांना रंग लागला! रंगाऱ्यांनी एकूण एक खिळा उपटला, भोकंही बुजवली. साहेब म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय." मला असा संताप आला, की त्या दिवशी दोन पायजमे उलटे शिवले.

रडत कोण बसतो? मंत्री गेले आणि दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे हातोड्या घेऊन हजर. प्रत्येकाला आपला खिळा अंगावर पाठ होता. बाबूभाईंच्या छातीला, माझ्या हनुवटीला, शांतव्वाच्या कपाळाला. खांबाला पाठ लावायची, शेजाऱ्यानं खूण करायची, खिळा ठोकायचा. तासाभरात सगळे परत जागेवर.

बाबूभाई म्हणाले, "मंत्री बी खुश, नदी बी खुश."

* * *

मॅडम आल्या, सोबत साहेब. लेझरनं मोजणी सुरू झाली. सगळे खिळे एका उंचीचे, बोटाचाही फरक नाही. फक्त तिसऱ्या खांबाचा वीतभर खाली!

साहेब खुलले. "तिसरा खांब नदीच्या सगळ्यात जवळ. तोच अधिकृत धरायचा. लिहा मॅडम."

वीतभर म्हणजे ओट्यावर वीतभर पाणी. खाली मांडलेला सगळा माल चिखलात. काय झालं ते मला तेव्हाच दिसलं. मूळचा खिळा ठोकला तेव्हा शांतव्वा ताठ होती. आता पाठीतनं वाकली होती. कपाळ तेच, पण खाली आलेलं. आणि तिथं खूण करणारा शेजारी मीच!

मी साहेबांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "आता म्हातारीची पाठ मी रेकॉर्डवर घेऊ?"

शांतव्वानं खांबाला टेकून ताठ व्हायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. जमेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं मेथीची पाटी बाजूला सरकवली, पदर खोचला आणि भर मंडईत, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, फरशीवर उताणी झोपली.

"हुबी ऱ्हायली की वाकते. पडल्यावर न्हाय वाकत. मास्तर, टेप आणा."

मी टाचेपासून कपाळापर्यंत टेप धरली. दुसरं टोक मॅडमनी धरलं, गुडघे टेकून. आकडा बाकीच्या खिळ्यांशी तंतोतंत जुळला!

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बरं बरं, बघू ऑफिसात. उठा आजी आता."

"तुमी आदी लिव्हा की सायेब. मग उठते."

"अहो, लोक बघतायत!"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं वाकून विचारलं, "शांतव्वा, मेथी कशी दिली?"

आढ्याकडं बघत ती म्हणाली, "घाई आसंल तर फुडं जा बाबा. सायेब लिव्हंस्तवर मी हितंच हाय."