बेळगावकाकीचा एक मे

आमची बेळगावकाकी घसा फोडून ओरडायची ती वर्षातून एकदाच, एक मेला. एरवी तिनं नवऱ्यावरसुद्धा आवाज चढवला नाही. (आमच्या काकांवर चढवायला काहीच हरकत नव्हती, पण ते असो.) खांदेश्वरच्या त्यांच्या कॉलनीत झेंडावंदन झालं, की पुढून कुणीतरी 'महाराष्ट्राचा' म्हणायचं आणि 'विजय असो' म्हणताना काकीचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. सोसायटीचे सेक्रेटरी हसून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही असताना आम्ही स्पीकर उगाच लावतो."

नव्वद सालानंतरची ती वर्षं. खांदेश्वर म्हणजे तेव्हा चार बिल्डिंगा आणि पलीकडे मोकळं रान. आम्ही बेलापूरला राहायचो. बाबा तिथल्याच एका कचेरीत कारकून. पण महाराष्ट्र दिनासाठी आदल्या दिवशीच सगळ्यांनी तिच्याकडे मुक्कामाला यायचं, हा काकीचा हुकूम होता. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्यापुढे रांगोळी, पुरणपोळी आणि वर आमरस. "अगं, दिवाळी आहे का?" आई विचारायची. "दिवाळी काय, सगळ्यांचीच असते की," काकी म्हणायची.

मी कॉलेजात होते. सुट्टीत नऊच्या आत उठणं म्हणजे मला शिक्षा वाटायची. काकी शांतपणे पांघरूण ओढायची आणि म्हणायची, "ऊठ की गं बाई. झेंडा काय तुझ्यासाठी थांबतोय?" आणखी कुरकुर केली, तर कानडीत काहीतरी पुटपुटायची. "शिव्या देतेस ना आम्हाला?" काका विचारायचे. "देवाचं नाव घेतेय," ती म्हणायची, पण हसू लपवायला तिला कधीच जमलं नाही.

या सगळ्या थाटामागे एक दुखणं होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकीचं माहेर बेळगावपलीकडच्या एका खेड्यात. राज्यं झाली तेव्हा ते गाव सीमेच्या पलीकडे राहिलं. काकीच्या वडिलांनी, अण्णांनी, ऐन तरुणपणी त्यापायी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात बसले. आणि बाहेर आल्यावर गावच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की आमचं गाव महाराष्ट्रात येईपर्यंत मी महाराष्ट्रात पाऊल ठेवणार नाही.

आणि पठ्ठ्यानं पाळली की हो! कोल्हापूरच्या अंबाबाईलासुद्धा त्यांनी तिकडूनच हात जोडले. काकीचं लग्न माहेरच्या मांडवात लागलं, ते ठीक. पण पुढं तिची दोन बाळंतपणं झाली, या घराची वास्तुशांत झाली, भाऊ आला, आई आली, म्हातारा काही आला नाही. लेकीचं घर त्यांनी पाहिलंच नव्हतं. "आधी गाव येणार म्हणे, मग बाप येणार," काकी पुरण वाटता वाटता म्हणायची. "तोवर मी काय वाट बघत म्हातारी होऊ?" मला तर त्या माणसाचा भयंकर राग यायचा. एकदा तसं बोलले, तर काकीनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

दर वर्षी झेंडावंदन आटोपलं, की दुसऱ्या दिवशी ती एसटीनं माहेरी जायची. बापाला भेटायचं तर तिनंच जायला हवं होतं. पण त्या वर्षी एप्रिलात तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, यंदा प्रवासाचं नाव काढायचं नाही. काकांनी एसटीडी बूथवर जाऊन तिच्या भावाला फोनवर सांगितलं. काकी मात्र पार खचली. अण्णा सत्तरी ओलांडलेले, दम्यानं बेजार. "पुढच्या मेपर्यंत अण्णा राहतात की न्हाई, कुणाला ठाऊक," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

एक मे उजाडला. आईनं तोरण बांधलं, रांगोळी काढली. काकीनं मान वळवून बघितलंदेखील नाही. सगळे झेंड्याला गेले, मी तिच्यापाशी थांबले. तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर धोतर, काळी टोपी आणि काखेत हा एवढा फणस घेतलेला एक उंच म्हातारा धापा टाकत उभा. मागे काकीचा भाऊ, हातात दोन पिशव्या.

"आमच्या सुमनचं घर हेच काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आतून काकी किंचाळलीच, "अण्णा!"

ती उठायला लागली, मी तिला कशीबशी धरली. अण्णांनी फणस माझ्या हातात दिला आणि कॉटच्या कडेला टेकले. बराच वेळ नुसते तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. चार दिवस राहून ते परत गेले आणि त्याच थंडीत वारले. लेकीच्या घरी ते आले ते असे एकदाच. पण ते सगळं पुढचं.

"अण्णा, आणि शपथ?" त्या सकाळी काकीनं भीत भीत विचारलं.

"ती सरकारवरच्या रागानं घेतलेली, बाळ. तुझ्यावर कुठं राग हाय माझा?" मग म्हणाले, "येवढं कळायला बघ किती वर्सं लावली मी."

तेवढ्यात मैदानावर घोषणा सुरू झाल्या. 'महाराष्ट्राचा...' आणि मागून सगळी कॉलनी. खिडकी उघडी होती, शब्द न् शब्द घरात येत होता. काकीचा चेहरा एकदम उतरला. वडिलांकडे बघण्याचं तिला धाडस होईना.

"खिडकी लाव गं," ती मला हळूच म्हणाली.

मी उठले. पण अण्णांनी हात वर केला.

"राहू दे की, पोरी," ते म्हणाले. "आलोय तर ऐकू दे."

आणि टोपी सारखी करून, लेकीचा हात दोन्ही हातांत घेऊन, ते डोळे मिटून ऐकत बसले.